उभे राहण्याची जागा

गेल्या जून महिन्यात आईच्या पहिल्या वर्षदिनाच्या मिस्साकरिता आम्ही खानापूर तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर पाऊस थांबण्याची वाट पाहत मंडळी चर्चच्या पडवीत उभी होती. परदेशातून आलेल्या माणसास विचारावयाचे जे नेहमीचे प्रश्न असतात, ते सर्व झाले. पगार किती, थंडी किती, तिकडे भात मिळतो का, बर्फ खरोखरच कापसासारखा पडतो का. आम्ही यथामती उत्तरे दिली. मग आईच्या बरोबरीच्या एका मावशींनी, मनात काहीही किल्मिष न ठेवता, सहज विचारले, "आई गेली त्या रात्री तू कुठं होतीस गे, बाय? भावाचा फोन उचलला नाहीस म्हणे."

त्या वेळी आम्ही काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. पण मावशींचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. ते चार शब्दांत देता येण्यासारखे नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑस्ट्रिया देशाची राजधानी जी व्हिएन्ना, तेथील एका वृद्धाश्रमात आम्ही परिचारिकेचे काम करतो. बेळगावास शिक्षण झाले, जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या, आणि एका जानेवारीत, शनिवारी संध्याकाळी, दोन पेट्यांसह त्या शहरी उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी-दूध आणावे म्हणून बाहेर पडलो तो सर्व दुकानांची दारे बंद. कोणी मोठा माणूस वारला असावा, असे आम्हांला वाटले. पुढे कळले की तेथे रविवारी बाजार बंद ठेवण्याचा कायदाच आहे. त्या दिवशी आईने बांधून दिलेला चिवडा आणि कुंदा यांवर आमचे दोन्ही वेळचे जेवण झाले. संध्याकाळी आईचा फोन आला. तिचा प्रश्न ठरलेला असे : "जेवलीस काय गे, बाय?" आम्ही म्हटले, "पोटभर." परदेशात गेल्यावर आईशी आम्ही बोललेले ते पहिले खोटे.

तेथील दिनक्रम सांगण्यासारखा फारसा नाही. पहाटे उठावे, ट्राम धरावी, सातच्या आत कामावर हजर व्हावे. म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालावे, औषधे द्यावीत, जखमा बांधाव्यात, त्यांचे ऐकून घ्यावे. ट्राममध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. आपल्याकडे खानापूरहून बेळगावास जाणाऱ्या गाडीत तासाभरात शेजारच्या माणसाच्या तीन पिढ्या कळतात. तेथे तीन वर्षे एकाच वेळी, एकाच थांब्यावर भेटणाऱ्या माणसाचे नाव आम्हांला ठाऊक नाही. मात्र जिन्यात किंवा दुकानात कोणी भेटले की "ग्र्युस गोट" म्हणतात. त्या शब्दांत देवाचे नाव आहे, देव तुम्हांस कुशल विचारो असा त्यांचा भाव. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते ध्यानी असते, हे सांगता यावयाचे नाही. पण आमच्या ध्यानी येई, आणि बरे वाटे.

आणखी एका गोष्टीचे आईस फार नवल वाटे, ती म्हणजे तेथील नळाचे पाणी. ते आल्प्स पर्वताच्या झऱ्यांचे आहे. पहिली मोठी पाण्याची वाट १८७३ साली आणि दुसरी १९१० साली शहरापर्यंत आणली गेली. दुसरीची लांबी सुमारे १८० किलोमीटर असून तिचे पाणी पंपावाचून, केवळ उताराने, दीड दिवसात व्हिएन्नास पोहोचते. कॉफीच्या दुकानात एक पेला कॉफी मागितली की तिच्याबरोबर या पाण्याचा लहानसा पेला आपोआप येतो, आणि त्या दोन पेल्यांवर वर्तमानपत्र वाचीत तासन्‌तास बसले तरी कोणी उठवीत नाही. जन्मभर विहिरीचे पाणी ओढलेली आमची आई म्हणे, "डोंगराचं पाणी फुकट देतात, तर माणसं भलीच असणार."

आम्ही आईस अशाच गोष्टी सांगत असू. मोबाईलवरून छायाचित्रेही अशीच पाठवीत असू : राजवाड्याची फुलबाग, रोषणाई केलेला नाताळचा बाजार, बर्फाने झाकलेला पूल. दुपारी चार वाजताच अंधार होणाऱ्या डिसेंबरातील आमच्या खोलीचे छायाचित्र आम्ही कधी पाठविले नाही. पहिल्या हिवाळ्यात कामावरून परत येताच अंथरुणात शिरावे आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत भिंतीकडे पाहावे, असे आमचे चालले होते. घरचे कर्ज फेडावयाचे होते म्हणून परत फिरता येत नव्हते.

यातून आम्हांला बाहेर काढले ते आमच्याच विभागातील एका आजीबाईंनी. वय नव्वदीच्या पुढे, पाय निकामी, पण बुद्धी लखलखीत. एकदा त्यांच्या पायांस मलम लावीत असता त्यांनी विचारले, "सिस्टर, तुम्ही आमचा ऑपेरा पाहिलात का?" आम्ही म्हटले, "आजी, ते श्रीमंतांचे काम. आम्हांला कसे परवडणार?" यावर त्या खरोखरच रागावल्या. म्हणाल्या, "मी शिवणकाम करून जगले. माझ्याजवळ बसण्याचे तिकीट घेण्याइतके पैसे कधीच नव्हते. मी जन्मभर उभी राहून ऐकले."

मग त्यांनी आम्हांला सारी रीत शिकविली. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात मागच्या बाजूस व वरच्या सज्ज्यांत केवळ उभे राहणाऱ्यांसाठी शेकडो जागा आहेत. एका साध्या जेवणाच्या किमतीत तिकीट मिळते. प्रत्येक ओळीपुढे एक कठडा असतो. आत शिरताच आपली जागा निवडावी आणि त्या कठड्यास आपला रुमाल किंवा मफलर बांधून ठेवावा. एकदा मफलर बांधला की ती जागा आपली. मग खुशाल बाहेर फिरून यावे, कोणी तिला हात लावीत नाही. "पाटी नाही, नंबर नाही, पहारेकरी नाही," आजीबाई म्हणाल्या, "पण हा नियम मोडलेला मी पाहिला नाही."

या ऑपेरागृहाची कथाही त्यांच्याच तोंडून ऐकावी. ते १८६९ साली उघडले. १२ मार्च १९४५ रोजी, महायुद्ध संपत आले असता, बॉम्बहल्ल्यात ते जळाले. आजीबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. दुसऱ्या महिन्यात तेथील सेंट स्टीफन हे मुख्य चर्चही आगीत सापडले, छप्पर कोसळले आणि 'पुमेरिन' नावाची प्रचंड घंटा खाली पडून फुटली. लोकांजवळ तेव्हा खावयास अन्न नव्हते. तरी देशातील एकेका प्रांताने एकेक गोष्ट उचलली. कोणी फरशी दिली, कोणी बाके दिली, कोणी खिडक्या दिल्या. जुन्या घंटेच्या तुकड्यांतून २० टनांची नवी घंटा ओतली गेली आणि १९५२ साली ती व्हिएन्नास आली. ऑपेरागृह पुन्हा उघडले ते ५ नोव्हेंबर १९५५ रोजी. आत बेथोव्हेनचा 'फिडेलिओ' चालला होता आणि तिकीट न मिळालेल्यांसाठी बाहेर कर्णे लावले होते. एकवीस वर्षांच्या आजीबाई त्या गर्दीत, रस्त्यावर, थंडीत उभ्या होत्या.

आमच्याजवळ एक मफलर होता. आम्ही निघालो तेव्हा आईने तो विणून दिला होता. रंग आमच्याकडील कौलांसारखा तांबडा, वीण जाड, आणि एका टोकास दोन टाके चुकलेले. तोच घेऊन आम्ही एका संध्याकाळी रांगेत जाऊन उभे राहिलो, जागा मिळविली, कठड्यास मफलर बांधला आणि त्याचे छायाचित्र आईस पाठविले. खाली लिहिले, "ही माझी जागा."

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा नातलग म्हणावा. फरक इतकाच की येथे पात्रांचे बोलणेही बहुधा गाण्यातूनच होते, आणि गाणारे कर्ण्याची मदत न घेता, मोठ्या वाद्यवृंदावरून, शेवटच्या ओळीपर्यंत आपला आवाज पोहोचवितात. कथानक कळावे म्हणून समोर लहानशा पडद्यावर शब्द दिसतात. उभ्यांसाठीही तो असतो. आमच्या शेजारी कधी विद्यार्थी असत, कधी निवृत्त शिक्षक, एकदा तर कामाच्या बुटांनिशी आलेला गवंडी होता. पाय दुखत. पण बारा-बारा तास उभ्याने काम करणाऱ्या परिचारिकेस पायांचे काय कौतुक!

तेथून आम्हांला सवय लागली. महिन्यातून एकदा ऑपेरा. एखाद्या रविवारी सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये अकराची मिस्सा. तेथे हायडन, मोझार्ट, शुबर्ट यांनी मिस्साकरिताच रचलेले संगीत, वाद्यवृंदासह, उपासनेतच गाइले जाते. त्याला तिकीट नाही, केवळ दानपेटी आहे. आणि गुरुवारी संध्याकाळी कलावस्तूंचे मोठे संग्रहालय, जे त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडे असते.

या संग्रहालयातील एका दालनाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पीटर ब्रॉयगल या चित्रकाराची बारा चित्रे तेथे आहेत. इतकी एका ठिकाणी अन्यत्र कोठेही नाहीत. हा मनुष्य १५६९ साली वारला, पण त्याने आमचे गाव पाहिले होते की काय, असा भास व्हावा. एका चित्रात खेड्यातील लग्नाची पंगत आहे. वाढप्यांना ताट पुरले नाही म्हणून त्यांनी बिजागरीतून दारच काढले आहे आणि त्यावर वाडगे मांडून दोघे जण ते हातांनी उचलून आणीत आहेत. वाजंत्र्यांपैकी एक जण वाजविण्याचे विसरून त्या वाडग्यांकडे टक लावून पाहत आहे. पुढे जमिनीवर बसलेले, भली मोठी टोपी घातलेले पोर बोटे चाटीत आहे. नवरी हात जुळवून, डोळे मिटल्यासारखे करून गप्प बसली आहे. आम्ही तेथे एकट्याच मोठ्याने हसलो आणि रखवालदाराने आमच्याकडे पाहिले.

त्याच दालनात १५६४ सालचे दुसरे चित्र आहे : प्रभू येशू क्रूस घेऊन कालवारीकडे चालला आहे. प्रथम पाहता तो सापडतच नाही. शेकडो माणसे जत्रेस निघाल्यासारखी चालली आहेत, मुले डबक्यांवरून उड्या मारीत आहेत, घोडेस्वार पुढे-मागे करीत आहेत. या सर्व गर्दीच्या मधोमध, अगदी लहान, क्रूसाखाली पडलेला प्रभू आहे, आणि त्याच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नाही. एका बाजूस शिपाई शिमोन कुरेनेकरास क्रूस उचलावयास ओढीत आहेत आणि त्याची बायको त्याला सोडावयास तयार नाही. तिच्या कमरेस जपमाळ लोंबत आहे! जपमाळ कमरेला आहे, समोर प्रभू पडला आहे, आणि ती नवऱ्यास म्हणत आहे, तुम्ही जाऊ नका. त्या बाईस नावे ठेवण्याचे आम्हांला धैर्य झाले नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो.

त्या जूनमध्ये एका रात्री आम्ही पुच्चिनीचा 'ला बोएम' पाहत होतो. फ्रँको झेफिरेल्ली यांनी १९६३ साली बसविलेला तो प्रयोग त्या रंगभूमीवर पुढे कित्येक दशके होत आला आहे. कथा साधी. पॅरिसमधील एका थंड माडीवर चार गरीब मित्र राहतात. शेजारची मिमी नावाची भरतकाम करणारी मुलगी विझलेली मेणबत्ती पेटवावयास येते आणि त्यांतील कवीचे तिच्यावर मन जडते. तिला क्षय असतो. शेवटच्या अंकात ती मरावयास त्याच माडीवर येते. तिचे हात गार पडले आहेत. औषधासाठी एक मैत्रीण आपली कर्णभूषणे देऊन टाकते, एक मित्र आपला जुना कोट विकावयास काढतो, आणि मिमीचे हात उबविण्यासाठी हातांचे आवरण आणले जाते. ते हातांत घेऊन ती निजते आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच जाते. आम्ही रडत होतो. शेजारचा वृद्ध गृहस्थही रडत होता. मोबाईल रीतीप्रमाणे बंद होता.

बाहेर येऊन तो सुरू केला तेव्हा भावाचे अकरा फोन येऊन गेले होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटली असता, व्हिएन्नात नऊ वाजण्याच्या सुमारास, आईस धाप लागली होती. खानापूरच्या डॉक्टरांकडे नेण्यास गाडी दारात आली, पण तिला गाडीत बसविता आले नाही. तिने आम्हांला विचारले होते. भावाने फोन लावला, पुन्हा लावला, आणि तिला सांगितले, "अक्का कामावर आहे."

दुसऱ्या दिवशी चार वाजता माती ठरली. आम्हांला पोहोचावयास दीड दिवस लागला असता. पुतण्याने मोबाईल धरून ठेवला. पावसात छत्र्या दिसल्या, फादरांचा आवाज आला, पेटी उचललेली दिसली. ती खाली सोडताना पावसाने संपर्क तुटला तो तुटलाच. माती मिळत नाही तर मग जाऊन काय करावयाचे, अशा विचाराने आम्ही त्या वेळी गेलो नाही. हा विचार बरोबर होता की नाही, ते आजही सांगता येत नाही.

त्यानंतर पाच महिने आम्ही कोठेही गेलो नाही. काम आणि खोली, खोली आणि काम. आपण खोट्या मरणासाठी रडत होतो आणि खरे मरण दारात उभे राहून हाका मारीत होते, हा एकच विचार मनात फिरे. कन्फेशनमध्ये सांगितले. फादरांनी शांतपणे सांगितले की हे पाप नव्हे, दुःख आहे. ते डोक्यास पटले, मनास पटले नाही.

१ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणास, तेथे सुटी असते. सारे शहर ७१ क्रमांकाची ट्राम धरून मध्यवर्ती दफनभूमीकडे लोटते. ही दफनभूमी १८७४ साली उघडली. तिच्यात सुमारे तीस लाख माणसे विसावली आहेत, म्हणजे शहरात आज जितकी जिवंत आहेत त्याहून अधिक. बेथोव्हेन व शुबर्ट तेथेच आहेत. कोणी वारले की व्हिएन्नाचे लोक म्हणतात, "त्याने ७१ नंबर धरला." आम्हीही त्या ट्रामने गेलो. ज्याच्या-त्याच्या हाती लाल काचेतील मेणबत्ती आणि फुले होती, आणि प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. आमचे तेथे कोणीच नव्हते. एका क्रूसापाशी आम्ही मेणबत्ती लावली आणि आईसाठी जपमाळ म्हटली. ती मराठीत, मोठ्याने. कोणी वळून पाहिले नाही.

त्याच आठवड्यात आजीबाईंनी विषय काढला. आम्हांला वाटले, त्या सांत्वन करतील. पण त्या स्पष्ट बोलल्या, "सिस्टर, तुमची आई गेली, त्याचे मला वाईट वाटते. पण तुम्ही जात नाही, म्हणून पाच महिने मलाही काही ऐकावयास मिळालेले नाही. माझे पाय आता तुमचे आहेत." तेव्हा आमच्या प्रथमच ध्यानात आले की दर वेळी परत आल्यावर मलम लावता लावता आम्ही जे सांगत असू, त्यावर या बाई महिनाभर जगत होत्या. डिसेंबरात आम्ही मोझार्टची 'जादूची बासरी' ऐकावयास गेलो, कठड्यास मफलर बांधला, आणि दुसऱ्या सकाळी आजीबाईंना अथपासून इतिपर्यंत सांगितले. कोण चांगले गाइले, कोण घसरले, हे सारे त्यांनी खोदून खोदून विचारले.

वर्षदिनाच्या त्या दिवशी पडवीतून घरी आल्यावर आम्ही भावास मावशींचा प्रश्न सांगितला. तो काही बोलला नाही. आत जाऊन आईचे प्रार्थनेचे पुस्तक घेऊन आला. आम्ही पाठविलेल्यांपैकी एकच छायाचित्र तिने खानापूरच्या स्टुडिओतून कागदावर काढून घेतले होते. राजवाडा नव्हे, फुलबाग नव्हे. पितळी कठडा, आणि त्यास बांधलेला तांबडा मफलर, चुकलेल्या दोन टाक्यांसह. भाऊ म्हणाला, "येईल त्याला दाखवायची. म्हणायची, एवढ्या मोठ्या घरात माझ्या बायची जागा आहे, आणि ती मी विणलेल्या मफलरानं धरलीय."

यामुळे आमच्या मनाची टोचणी गेली असे नाही. फोन उचलला गेला नाही, तो नाहीच. पण मावशी, आता उत्तर देता येते. त्या रात्री आम्ही आईस ठाऊक असलेल्या जागीच उभे होतो.

ज्यांची मुले परमुलखी आहेत अशा वाचकांना एकच विनंती. तिकडून येणाऱ्या सुंदर चित्रांवर फार विश्वास ठेवू नका, पण त्यांचा रागही धरू नका. 'जेवलीस का' याबरोबरच 'कोठे जाऊन आलीस' हेही विचारीत जा. आणि परदेशी निघणाऱ्या मुलामुलींनी महिन्यातून एक संध्याकाळ तरी खोलीबाहेर काढावी, आणि जे पाहिले ते घरी सांगावे. सोबत एखादी घरची विणलेली वस्तू असू द्यावी.

आईच्या आत्म्यासाठी वाचकांनी एक 'नमो मरिया' म्हणावी, आणि जमल्यास आमच्या आजीबाईंच्या पायांसाठीही.